नेपाळ टूर, सांगलीहून: जेवणाला पाचपैकी पाच, वेळेच्या नियोजनाला दीड

आधीच सांगतो, टूरवाल्याचं नाव लिहिणार नाही. ऑफिस सांगलीतलंच आहे, माणसं ओळखीची आहेत, उद्या गणपतीच्या देवळात समोरासमोर आलो तर हात जोडायला लागतात. पण आठ रात्री नऊ दिवस, माणशी साडेछप्पन्न हजार पुण्यापासून पुण्यापर्यंत, मुक्तिनाथचे वेगळे बावीस हजार, एवढे पैसे मोजल्यावर खरं काय ते लिहायला पाहिजे म्हणून लिहितोय. २०२४ च्या नोव्हेंबरात गेलतो. मी, आई (६८) आणि जतची मावशी (६६). ग्रुप ३१ जणांचा, सांगली, मिरज, तासगाव, विटा असा मिक्स, त्यात माझ्याच वयाचे चारपाच, बाकी सगळे रिटायर्ड.

सुरुवातच गोंधळानं झाली. नेपाळला व्हिसा लागत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण विमानानं जाताना पासपोर्ट नाहीतर ओरिजिनल वोटर कार्ड लागतं, नुसतं आधार चालत नाही (६५ च्या वरच्यांना आणि १५ च्या खालच्या पोरांना सूट आहे). हे ऑफिसात कुणीच नीट सांगितलं नव्हतं, व्हॉट्सॲपवर नुसतं 'आयडी प्रूफ सोबत ठेवणे' एवढाच मेसेज. विट्याचे एक काका, वय ६१, फक्त आधार घेऊन आलेले. साताऱ्याच्या पुढं गाडी चहाला थांबली तिथं हे कळालं, मग त्यांच्या पुतण्यानं रात्री अकराला विट्यातून मोटरसायकल काढली आणि पहाटे पुणे एअरपोर्टच्या गेटवर कार्ड आणून दिलं. पोरगं थंडीनं काकडलेलं. टूर मॅनेजर त्याला म्हणाला, "चहा घे की." एवढंच. चहाचे पैसे पण काकांनीच दिले.

आता चांगलं सांगतो, नाहीतर वाटेल नुसतं रडगाणं आहे. जेवण. ओ काय जेवण होतं! महाराज आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा असे दोघं बरोबर होते, ज्वारीचं पीठ, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याचा कूट सगळं इथून नेलेलं. पोखऱ्याला पिठलं भाकरी. नगरकोटला पहाटे साडेचारला थंडीनं दात वाजत असताना महाराजानं हुलग्याचं माडगं हातात दिलं, गूळ घालून, गरम. आई म्हणाली हे मी घरी केलं तर तू तोंड वाकडं करतोस. खरंय. त्या माडग्याला मी वेगळे पाच स्टार देतो.

घड्याळाचं एक लक्षात ठेवा. नेपाळचं टायमिंग आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं. मोबाईल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ बदलत नाही, मावशीनं शेवटपर्यंत बदललंच नाही, "मी सांगलीच्या टायमानं चालणार" म्हणून रोज पाव तास उशिरा खाली यायची आणि वर आम्हालाच म्हणायची एवढी काय घाई. पैशाचं सोपं आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. दुकानदार भाव सांगितला की तुम्ही विचारायचं आयसी का एनसी, म्हणजे इंडियन करन्सी का नेपाळी. न विचारता 'हो' म्हणलं की संपलं. आपल्या शंभराच्या नोटा बिनधास्त चालतात, मोठ्या नोटांचा नियम मात्र जायच्या आधी चौकशी करून घ्या. आणि मज्जा म्हणजे सगळ्या पाट्या देवनागरीत, त्यामुळं आई बसच्या खिडकीतून सगळं मोठ्यानं वाचत बसायची. 'औषधि पसल', 'कपडा पसल', 'किराना पसल'. दुसऱ्या दिवशी तिला कळालं की पसल म्हणजे दुकान, मग सांगलीला आल्यावर चार दिवस ती किराणा पसलातच जात होती.

काठमांडूचा पहिला दिवस पशुपतीनाथ, बौद्धनाथ आणि स्वयंभू असा तीन ठिकाणांचा. एका दिवसात तीन म्हणजे किती वाटतं? कागदावर बरं वाटतं. पशुपतीला सकाळी सहाला पोचलो ते उत्तम केलं, गर्दी कमी होती. मेन देवळात फक्त हिंदूंना प्रवेश, कातडी बेल्ट-पाकीट बाहेर, आत फोटो बंद. दोन मजली छप्पर, सोन्याचा मुलामा, चांदीचे दरवाजे, आणि दारात नंदी एवढा थोराड की मागून बघितलं तर देऊळच दिसत नाही. आतलं लिंग चार तोंडांचं, म्हणून चारही बाजूंनी दारं. तिथले भट्ट पुजारी मूळचे कर्नाटकातले असतात, ही जुनी परंपरा आहे, हे गाइडनं सांगितलं आणि झालं, आमच्या जतच्या मावशीला कानडी येतं. लाइनीत तिनं पुजाऱ्याला कानडीतून विचारलं कुठले ओ तुम्ही, त्या माणसाच्या मागं शेकडो लोक, त्यानं गंध लावलं आणि पुढं व्हा म्हणून हात केला. मावशी दिवसभर सांगत होती, ओळखलं मला त्यानं.

खाली बागमतीचा घाट. पलीकडच्या काठावर बसलं की आर्यघाटावर जळत्या चिता दिसतात, एका बाजूला रडारड, दहा पावलांवर पूजा, वर माकडं, नदीला पाणी कमीच. आई वाईची. लहानपणापासून कृष्णेचा घाट बघितलेली बाई, ती तिथं पायरीवर गप्प बसली आणि बराच वेळ उठली नाही. मला वाटलं पाय दुखतायत. नंतर म्हणाली बाबांच्या वेळी मला घाटावर येऊ दिलं नव्हतं. मी काही बोललो नाही. तेवढ्यात मॅनेजरची शिट्टी! खरंच शिट्टी होती त्याच्याकडं, पीटीच्या सरांसारखी. चला चला, बौद्धनाथ.

बौद्धनाथचा स्तूप फोटोत बघून कळत नाही केवढा आहे ते. पांढरा घुमट, वर चारी दिशांना डोळे, त्यावर १३ पायऱ्यांचा सोनेरी कळस. २०१५ च्या २५ एप्रिलच्या भूकंपात कळसाला तडे गेलते, तो उतरवून परत बांधला आणि २०१६ च्या नोव्हेंबरात खुला केला. भोवती तिबेटी लोकांची वस्ती, १९५९ नंतर आलेली बरीच, सगळे उजवीकडून प्रदक्षिणा घालतायत, आपल्यासारखीच. हातात माळ, तोंडात जप. आमचा ग्रुप पण त्या गर्दीत आपोआप फिरायला लागला. तासगावच्या एक आजी 'श्री स्वामी समर्थ' म्हणत फिरत होत्या, कुणाला काही वाटलं नाही. इथं मिळाली ३५ मिनिटं. एक पूर्ण प्रदक्षिणा, एक फोटो, एक बाथरूम.

स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, खड्या. गुडघेवाल्यांसाठी मागनं गाडीरस्ता आहे आणि मॅनेजरनं सगळ्या म्हाताऱ्यांना तिकडून नेलं, एका काकूंना स्वतः हात धरून चढवलं, हे मात्र मानलं पाहिजे. वर स्तूपाच्या शेजारीच हारतीचं देऊळ, बौद्ध तिला हारती म्हणतात, हिंदू शीतला म्हणतात, लाइन एकच. स्तूपाच्या डोळ्यांखाली नाकाच्या जागी जे प्रश्नचिन्हासारखं दिसतं ते नाक नाही, नेपाळी एक आकडा आहे. काठमांडूचं खोरं आधी तळं होतं आणि मंजुश्री या बोधिसत्त्वानं तलवारीनं चोभार या ठिकाणी डोंगर कापून पाणी सोडलं ही तिथली गोष्ट. आमच्या ग्रुपात पाटबंधारे खात्यातले एक रिटायर्ड साहेब होते, ते म्हणाले तिथं खरंच तळं होतं हे भूगर्भवाले पण सांगतात, आणि मग सांडवा, विसर्ग, क्युसेक असं सुरू झालं. आम्ही सांगलीची माणसं, विसर्ग म्हणलं की सगळे कान टवकारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फूट, हे विषय स्वयंभूच्या टेकडीवर अर्धा तास!

माझी खरी तक्रार पाटणची आहे.

पाटण म्हणजे ललितपूर, काठमांडूला चिकटूनच. तिथल्या दरबार चौकात सगळं मिळून मिळाली ४० मिनिटं. समोर कृष्ण मंदिर, १६३७ चं, राजा सिद्धिनरसिंह मल्लानं बांधलेलं, सगळं दगडी, २१ कळस. आजूबाजूची देवळं लाकूड-विटांची आणि हे एकटं दगडी शिखराचं, त्यामुळं आपल्याला लगेच ओळखीचं वाटतं. खालच्या पट्टीवर महाभारत कोरलंय, वरच्या पट्टीवर रामायण. आता ही पट्टी वाचायला (हो, वाचायलाच) तास कमी पडतो, आणि आम्ही त्याच्यासमोर ग्रुप फोटो काढण्यात १५ मिनिटं घालवली कारण बॅनर उलटा धरला होता. चौकातली काही देवळं २०१५ ला पार कोसळली होती, ती जुन्याच कोरीव लाकडातनं परत उभी केलीयत, जुनं लाकूड काळं आणि नवं तांबूस, शेजारी शेजारी बसवलेलं, ते ओळखत बसायला मज्जा येते. तर म्हणे चला, वेळ झाली. म्हणलं ठीक आहे, पुढं भक्तपूर गाठायचं असेल. आणि नेलं कुठं तर गल्लीतल्या वाडग्याच्या दुकानात. ते लाकडानं घासलं की घुंईंऽऽ वाजणारं कांशाचं वाडगं असतं ना, ते. तिथं दीड तास! वाडगं डोक्यावर ठेवून वाजवायचं, पाठीवर ठेवून वाजवायचं, गुडघेदुखी जाते, साखर कमी होते, सगळं. साताठ हजारांची वाडगी लोकांनी घेतली. मॅनेजर काउंटरच्या आतल्या बाजूला चहा पीत बसलेला, बाकीचं तुम्ही समजून घ्या.

मी आमच्या लोकल गाइडला, नेवार माणूस होता (काठमांडू खोऱ्यातला मूळचा समाज), वयस्कर, त्याला दाइ, म्हणजे दादा, म्हणायचे सगळे, हळूच विचारलं इथं जवळ काही आहे का. तो म्हणाला पाच मिनिटं, चला. आणि त्यानं मला हिरण्यवर्ण महाविहारात नेलं, गोल्डन टेम्पल म्हणतात ते. गल्लीत साधं दार, आत गेलं की चौक आणि सगळं सोनेरी पत्र्यानं मढवलेलं, छपरापासून लांब पट्ट्या खाली लोंबलेल्या. इथंही कातडी वस्तू बाहेर. मुख्य पुजारी म्हणजे बारा वर्षांच्या आतला एक पोरगा, महिनाभर त्याची पाळी असते. पोरगं गंभीर तोंड करून दिवे नीट करत होतं आणि चौकात कासवं फिरत होती. खरी, जिवंत. एक माझ्या मोज्यापाशी येऊन थांबलं. ३१ माणसांच्या टूरमधनं हे एकट्या मी बघितलं, आणि आई वाडग्याच्या दुकानात बसलेली. मला आजही याचा राग येतो. परत आलो तेव्हा मावशीच्या डोक्यावर वाडगं होतं.

भक्तपूरला तासभर दिला, त्यातल्या त्यात बरं. न्यातपोल बघून आमचा अख्खा ग्रुप खूष, कारण सांगतो. पाच मजली देऊळ, १७०२ ला भूपतींद्र मल्लानं बांधलेलं, १९३४ चा भूकंप झाला, २०१५ चा झाला, तरी उभं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूला जोड्या आहेत, वर देवता, त्याखाली सिंहगरुडासारखे प्राणी, सिंह, हत्ती, आणि सगळ्यात खाली कोण तर दोन पैलवान! जयमल आणि पत्ता. प्रत्येक जोडी खालच्यापेक्षा दहापट ताकदीची आणि पैलवान साध्या माणसापेक्षा दहापट, असा हिशोब. आता सांगलीच्या माणसाला देवळाच्या दारात पैलवान दिसल्यावर काय होणार? विट्याचे काका (वोटर कार्डवाले) स्वतः तालमीतले, त्यांनी पैलवानाच्या गुडघ्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले बैठक बरोबर आहे. तिथलं मातीच्या कुल्हडातलं जुजु धौ, म्हणजे राजा दही, खाल्ल्याशिवाय येऊ नका. घट्ट, गोडसर, खापरीचा वास असलेलं. आई म्हणाली चांगलं आहे पण म्हशीचं आहे. म्हशीचंच असतं.

नगरकोट. ब्रोशरवर छापलेलं 'हिमालय व्ह्यू रूम'. आमच्या खिडकीतून सिंटेक्सची टाकी दिसत होती. इथं एक गोष्ट टूरवाले सांगत नाहीत, लोक सूर्योदय म्हणून पूर्वेची खोली मागतात, पण शिखरांची रांग उत्तरेला आहे, म्हणून खोली उत्तरेची पाहिजे. आम्हाला मिळाली दक्षिणेची, तीही तळमजल्याला. पहाटे गच्चीवर ३१ माणसं कानटोप्या घालून माडगं पीत उभी, आणि समोर धुकं. नुसतं पांढरं. एव्हरेस्ट तिथनं दिसतं म्हणतात, निरभ्र असलं तर अगदी लांब पूर्वेला बारकासा कंगोरा, गाइडनं स्वतःच सांगितलं की दिसलं तरी दाखवल्याशिवाय ओळखू येत नाही. ढगाला मी टूरवाल्याला दोष देत नाही. महाबळेश्वरला पावसाळ्यात आर्थर सीटला उभं राहून कठडा धरून आपण ढगच बघितलेत की. पण एकच रात्र ठेवली आणि तीसुद्धा अशी की सकाळी सातला बॅगा गाडीत. दाइ म्हणत होता नऊपर्यंत थांबा, उघडेल. नाही थांबलो. घाट उतरताना मागच्या काचेतून कुणीतरी ओरडलं, दिसलं दिसलं, आणि खरंच दोन वळणं पांढरी रांग दिसली लांगटांगच्या बाजूची. गाडी थांबवा म्हणलं तर म्हणे मनकामना गाठायचंय.

मनकामना देवीच्या देवळात रोपवेनं जातात, १९९८ पासूनचा, नेपाळमधला पहिला. देवीला बकरा देतात, आणि बकऱ्याचं तिकीट फक्त जायचंच असतं. परतीचं नसतं. हे ऐकून बस हसली, मग एकदम गप्प झाली. पुढं पोखऱ्याचा रस्ता रुंदीकरणामुळं सगळा खणलेला, धूळ, ट्रक, एकाजागी पाऊण तास. नगरकोट ते पोखरा मध्ये मनकामना करून एका दिवसात आणणं हा म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे, रात्री दहाला हॉटेलात पोचलो. महाराज आमच्या आधी पोचून मुगाची खिचडी लावून बसलेला, म्हणून कुणी भांडलं नाही.

आणि मग सारंगकोट. इथं काय लिहू. पहाटे अंधारात वर गेलो, १६०० मीटरच्या आसपास आहे, खाली फेवा तळं काळं दिसत होतं. सहानंतर आधी सगळ्यात उंच टोकावर बारीक गुलाबी ठिपका आला, बाकी सगळा डोंगर अजून निळा, मग तो रंग हळूहळू खाली उतरायला लागला जसं कुणी वरून शेंदूर ओततंय. डावीकडं लांब धवलगिरी, ८१६७ मीटर, मधी अन्नपूर्णेची रांग, आणि सगळ्यात मोठं दिसतं ते माछापुच्छ्रे. ते खरं तर ६९९३ मीटर, अन्नपूर्णेपेक्षा हजारभर मीटरनं कमी, पण जवळ आहे म्हणून छातीवर आल्यासारखं दिसतं. नाव माशाच्या शेपटीवरून, पण पोखऱ्यातनं एकच टोक दिसतं, दोन टोकं बघायची तर पार दुसऱ्या बाजूला जावं लागतं. त्याच्यावर चढायला बंदी आहे, पवित्र मानतात, १९५७ ला एक ब्रिटिश टीम अगदी शेंड्याजवळ जाऊन परत फिरली. एवढी ३१ बडबडी माणसं, पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मॅनेजरनं पण शिट्टी वाजवली नाही, तो पण बघत होता. नंतर मला म्हणाला माझी ही अकरावी वेळ, चार वेळाच दिसलंय. त्या दिवशी माझा त्याच्यावरचा निम्मा राग गेला.

मुक्तिनाथला आम्ही १२ जणच गेलो. पोखऱ्याहून छोट्या विमानानं जोमसोम, डोंगरांच्या वरून नाही, मधनं, आईनं डोळे मिटून रामरक्षा म्हणली. मग जीप, मग चढ, ज्यांना नको त्यांना घोडा. उंची ३७०० मीटरच्या वर, आपलं कळसूबाई १६४६, तेव्हा दम लागणारच, गप्प हळू चाला. मॅनेजरकडं ऑक्सिजनचा डबा होता, बोटाला लावायचं मशीन होतं, दर तासाला सगळ्यांचं बघत होता, इथं त्याला पूर्ण मार्क. देवळामागं १०८ धारा, गोमुखातून बर्फासारखं पाणी, लोक त्याखालून पळत जातात. आईला त्यानं नुसतं पाणी शिंपडून घ्यायला लावलं, भिजू दिलं नाही. विष्णूचं देऊळ, वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक, आणि पूजेला भिक्षुणी, कारण बौद्ध त्याच मूर्तीला अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, मानतात. आईनं मला हळूच विचारलं हिच्या हातचा प्रसाद चालतो का रे. मावशीनं तोवर दोनदा घेतला होता. खाली ज्वालामाईच्या देवळात पाण्याशेजारी जमिनीतल्या गॅसची बारीक निळी ज्योत, वाकून बघायला लागते. काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम मिळतात, ते म्हणजे समुद्रातल्या जुन्या प्राण्यांचे दगड झालेले, हिमालय वर यायच्या आधी तिथं समुद्र होता त्याची खूण. आईला हे सांगितलं. ती म्हणाली असू दे, विष्णू समुद्रातच असतो.

रात्री जोमसोमला महाराज नाही, म्हणून थकाली थाळी, तिथल्या थकाली समाजाची. डाळ, भात, साग, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), लोणचं, परत परत वाढतात. आठ दिवसात तिथलं जेवण एकदाच मिळालं आणि ते एक नंबर होतं, तेव्हा महाराजाची माफी मागून सांगतो, एखादं जेवण तिथलं ठेवा की.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान रद्द. त्या खोऱ्यात दहा-अकरानंतर वारं असं सुटतं की विमानं सकाळीच उडतात, आणि सकाळी पोखऱ्याला ढग होते. यात कुणाची चूक नाही. जीपनं नऊ तास, हाडं खिळखिळी. पण जीपचे माणशी साडेतीन हजार जागेवर घेतले आणि विमानाचे परत देतो म्हणले, ते सांगलीला आल्यावर तीन चकरा मारून दोन महिन्यांनी निम्मेच दिले. निम्मे का, तर 'प्रोसेसिंग'. कसलं प्रोसेसिंग ते त्यांनाच ठाऊक.

एकूण साडेतीन स्टार. माझ्या मते काठमांडूला एक दिवस वाढवा, पाटणला अर्धा दिवस द्या, मनकामना काढून टाका नाहीतर वेगळ्या दिवशी ठेवा, आणि वाडग्याचं दुकान ज्याला पाहिजे त्याला. ऑक्टोबर-नोव्हेंबरच बघा, पावसाळ्यात स्वस्त देतो म्हणले तरी नको, डोंगर दिसणारच नाहीत. पुढच्या बॅचचं बुकिंग चालू झालंय म्हणे. जाणार असाल तर नगरकोटची खोली उत्तरेची आणि वरच्या मजल्याची, आणि विमान रद्द झालं तर किती पैसे किती दिवसात परत, हे दोन्ही व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. ऑफिसात तोंडी सगळ्याला हो म्हणतात.